दोन सायकली आणि भोगवर्धनची वाट

सायकल हे आज आपल्या खेड्यापाड्यांतून अगदी साधे, किंबहुना उपेक्षित वाहन झाले आहे. शाळेत जाणारी मुले, दूधवाले आणि पहाटेच्या पाळीला निघालेले कामगार ह्यांच्यापुरती तिची दखल घेतली जाते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी हीच सायकल जगाच्या कौतुकाचा आणि काही अंशी भीतीचा विषय होती. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली ह्यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल तयार केली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचा व्यवसाय मांडला; पुढच्या मोठ्या कारखानदारीचा उगम ह्या छोट्या दुकानात आहे. घोडा नको, गाडीवान नको, चाराही नको. स्वतःच्या पायांच्या बळावर माणूस दिवसाकाठी पन्नास-साठ मैल जाऊ लागला. आणि माणूस म्हणताना त्यात स्त्रीही आली, हीच त्या काळच्या अनेकांना खुपणारी गोष्ट होती. सायकलीने स्त्रियांच्या मुक्तीला जेवढा हातभार लावला तेवढा दुसऱ्या कशानेही लावला नाही, अशा आशयाचे उद्गार अमेरिकेतील स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या सुझन अँथनी ह्यांनी १८९६ साली काढले होते.

ह्या पार्श्वभूमीवर एका दांपत्याची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो, आणि त्या निमित्ताने आपल्या मराठवाड्यातील एका पुरातन वाटेकडेही लक्ष वेधू इच्छितो.

फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या एका माजी गव्हर्नरांची कन्या. तिचा जन्म १८५९ सालचा. तिचे पती विल्यम हंटर वर्कमन हे पेशाने डॉक्टर, तिच्याहून अकरा-बारा वर्षांनी मोठे. १८८९ साली प्रकृतीच्या कारणास्तव डॉक्टरांनी व्यवसाय सोडला आणि हे कुटुंब जर्मनीत जाऊन राहिले. घरात संपत्ती होती, एक मुलगी होती, आणि त्याच वर्षी एक मुलगाही झाला. परंतु १८९३ साली तो लहानगा इन्फ्लुएंझा आणि न्यूमोनियाने दगावला. त्यानंतर पती-पत्नींनी सायकलींवरून जग पालथे घालण्यास आरंभ केला. थोरली मुलगी रेचेल हिला दाया आणि निवासी शाळा ह्यांच्या हवाली करून ते प्रथम अल्जिरियात व नंतर स्पेनमध्ये हिंडले. दोन्ही प्रवासांवर त्यांनी पुस्तके लिहिली. स्पेनमध्ये त्यांनी सुमारे अठ्ठावीसशे मैल मजल मारली. दिवसाची सरासरी पंचेचाळीस मैलांची होती.

शोकातून बाहेर पडण्यासाठी घर सोडणे हा उपाय आपल्या कुटुंबवत्सल वाचकांना रुचेलच असे नाही. मागे राहिलेल्या लेकीचे काय, हा प्रश्न कोणत्याही आईबापाच्या मनात उभा राहील, आणि तो रास्तच आहे. रेचेल पुढे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आली, एवढ्याने तो प्रश्न मिटत नाही. परंतु ज्यांच्या घरातला पाळणा रिकामा झाला आहे त्यांच्या दुःखाचा न्यायनिवाडा दुरून करणे हेही आपल्या धर्मबुद्धीला शोभणारे नाही. इतिहासाने जेवढे सांगितले तेवढे नोंदवून आपण पुढे जाऊ.

१८९७ च्या अखेरीस हे दांपत्य पूर्वेकडे निघाले. फॅनी तेव्हा अडतीस वर्षांची होती, डॉक्टर पन्नाशीत होते. सुमारे अडीच वर्षांच्या ह्या भ्रमंतीत त्यांनी हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत साडेसहा हजार किलोमीटरांचा पल्ला सायकलवरून पार केला. श्रीलंका, ब्रह्मदेश आणि जावा बेटही पाहिले. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच सायकलवरील चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. सोबत सामान अगदी बेताचे असे. जड सामान घेऊन नोकर रेल्वेने पुढे जाई आणि ठरल्या ठिकाणी त्यांची वाट पाही. तरीही हाल चुकले नाहीत. अन्नपाण्याची वानवा, डासांचे थवे, उंदरांनी भरलेल्या खोल्यांतील मुक्काम आणि काट्याकुट्यांच्या रस्त्यांवर एकेका दिवसात चाळीस-चाळीस पंक्चर! बाभळीचा काटा काय चीज आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या आकड्याचे नवल वाटू नये.

ह्या प्रवासातला त्यांचा ध्यास प्राचीन वास्तू आणि शिल्पे हा होता. त्यासाठी त्यांनी आपली महाकाव्ये आणि जातककथा ह्यांचे वाचनही केले होते. पुस्तकाच्या शीर्षकात देवळांच्या बरोबरीने लोकांचाही निर्देश आहे. परंतु मजकुरात देवळांना जो मान मिळाला तो लोकांच्या वाट्याला आला नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हिमालयातील त्यांच्या मोहिमांत हमालांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. हमाल त्यांना सोडून गेल्याचेही प्रसंग घडले. ओझे वाहणाऱ्याच्या पायांना काय लागते, थंडीत त्याच्या अंगावर काय आहे, ह्याची पुरेशी आस्था त्यांच्यापाशी नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहता, हीच फॅनी अल्जिरियातील स्त्रियांची दुरवस्था पाहून व्यथित झाली. १९०६ साली तिने पिनॅकल पीक हे सुमारे ६९३० मीटर उंचीचे शिखर सर केले. १९१२ साली सियाचीनच्या बर्फात ‘स्त्रियांना मताधिकार द्या’ असा मथळा असलेले वृत्तपत्र हाती धरून तिने आपले छायाचित्र काढवून घेतले. १९२५ साली तिचे निधन झाले, तेव्हा तिने आपल्या मृत्युपत्राने स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना मोठ्या देणग्या ठेवल्या होत्या. एकाच व्यक्तीच्या ठायी एका अन्यायाविषयी इतकी तीव्र जाणीव आणि दुसऱ्या अन्यायाविषयी इतकी उदासीनता कशी नांदू शकते, हे आपण सर्वांनीच ध्यानी घ्यावे असे आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जुन्या शिल्पांचा आणि जुन्या वाटांचा ध्यास असलेल्या एखाद्या दांपत्याने आज सायकलवरून निघायचे ठरवले, तर त्यांना अगदी अनुरूप असा रस्ता जालना जिल्ह्यात आहे. जालन्याहून उत्तरेला राजूरच्या गणपतीवरून भोकरदन, तेथून जरा आडवळणाने असई, आणि पुढे अजिंठ्याचा डोंगर. रस्ता काळ्या जमिनीतून जातो. मोसंबीच्या बागा, कपाशीची शेते, मधूनच उघडे माळ, आणि उत्तरेच्या क्षितिजावर हळूहळू वर येणारी अजिंठ्याची रांग. सायकलस्वाराला चढ-उतार पायांनी मोजावे लागतात. त्यामुळे नदीखोरे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे त्याला नकाशावाचून कळते. मोटारीतून जाणाऱ्याला हे भाग्य लाभत नाही.

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पण शहर जुने, व्यापाराचे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली ह्या संपन्न पेठेवर छापा घातला होता. ह्याच जिल्ह्यातील जांब ह्या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, ज्यांनी पुढे बारा वर्षे पायी देशाटन केले. इंग्रजी अमदानीत, १८२७ साली, शहराच्या पूर्वेला लष्कराची छावणी वसली आणि १९०३ साली ती उठली. वर्कमन दांपत्य हिंदुस्थानात हिंडत होते तेव्हा मराठवाड्यातून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग अद्याप पुरा झालेला नव्हता. प्रवासी बैलगाडीने आणि टांग्याने ये-जा करीत.

जालन्याजवळच बेथेल ही वस्ती आहे. तिचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे आपल्या पंथाचे नव्हेत. ते स्कॉटिश फ्री चर्चचे. तथापि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे जालन्याला कार्यक्षेत्र मानले, आणि सर सालारजंग ह्यांच्या कारभारात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, विशेषतः मातंग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी हे गाव वसवले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत ते आपल्या पागोट्यासह उपस्थित होते. १८९१ साली ते निवर्तले. ज्यांना गावात विहिरीवर जागा नव्हती, त्यांना विहिरीसकट गाव मिळावे ही कल्पनाच त्या काळी क्रांतिकारक होती. अजिंठ्याकडे निघालेल्या किती प्रवाशांनी वाटेत बेथेलकडे पाहिले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

भोकरदन हे ह्या वाटेवरचे खरे प्राचीन नगर. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांवर ज्या दात्यांनी आपली नावे कोरवून घेतली, त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. पैठण ही सातवाहनांची राजधानी आणि उज्जैन ही माळव्याची पेठ. ह्या दोहोंना जोडणारा व्यापारी मार्ग भोकरदनवरून अजिंठ्याच्या घाटाकडे जात असे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या टिपणात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून बंदरावर येत असल्याचे म्हटले आहे. गाड्यांचा रस्ता नव्हताच, असेही तो बजावतो. मोठमोठ्या दुर्गम प्रदेशांतून हा माल यायचा.

१९७३ साली नागपूर आणि मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. आर. एस. गुप्ते हे त्याचे प्रमुख. सातवाहन काळातील नाणी, मणी, शंखाच्या वस्तू असे बरेच काही मिळाले. पण सर्वांत लक्षणीय ठरली ती हस्तिदंतात कोरलेली एक खंडित स्त्रीप्रतिमा. तिचे साम्य थेट इटलीतील पाँपेई ह्या नगरात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. ती भोकरदनच्या परिसरातच घडली असावी, असे मत अनेक विद्वानांनी मांडले आहे.

ख्रिस्ती वाचकाच्या दृष्टीने ह्या गोष्टीला एक वेगळे परिमाण आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात संत पौल बंदिवान म्हणून रोमला जाताना पुत्युली बंदरात उतरल्याचे वर्णन आहे. पुत्युली आणि पाँपेई ही दोन्ही नेपल्सच्या उपसागराच्या काठची स्थळे. पौल तेथे उतरला ते साल साठच्या आसपासचे मानतात. म्हणजे शुभवर्तमान पश्चिमेकडे वाटचाल करीत होते त्याच शतकात हिंदुस्थानातल्या कारागिराच्या हातची एक वस्तू त्याच समुद्राकाठी येऊन पोहोचली होती. रस्ते माल वाहतात, सैन्य वाहतात, आणि श्रद्धाही वाहतात. रस्ता कोणाचाच भेद करीत नाही. भेद करतो तो प्रवासी.

भोकरदनच्या केळणा नदीकाठी खडकात कोरलेले वैष्णव लेणे आहे. तिच्याच प्रवाहाने पूर्वेकडे गेले की केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे खेडे लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली ह्या इंग्रज सेनानीची लढाई झाली. वाटाडे सांगत होते की नदीला जवळपास उतार नाही. वेलस्लीने पाहिले, की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोरच्या तीरांवर आहेत. तेव्हा त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. त्याचा तर्क खरा ठरला. खेड्यातील साध्या माणसांच्या रोजच्या पाऊलवाटेने त्या दिवशी साम्राज्याचा निकाल फिरवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. तरीही आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे.

विजय फार महाग पडला. इंग्रजांच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १५८४ माणसे कामी आली. त्यांत हिंदी शिपायांची संख्या मोठी होती. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या, पण त्यांचे गोलंदाज तोफांपाशीच लढत राहिले. त्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व अँथनी पोलमन ह्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. जखमींना पुढे अजिंठा गावी हलवण्यात आले. ज्या डोंगरात दीड हजार वर्षांपूर्वी करुणेचा संदेश चित्रांतून रेखाटला गेला, त्याच्याच माथ्यावरील गावात ही विव्हळणारी माणसे येऊन पडली. लेणी मात्र अद्याप झाडीत दडलेली होती; इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ ह्याच्या ती दृष्टीस पडली ती १८१९ साली.

असईच्या रणांगणाशी आपल्या कॅथलिक इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. शिंद्यांच्या बाजूने सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी तेथे होत्या. ही बेगम १७८१ साली बाप्तिस्मा घेऊन योहाना झाली. पुढे १८२२ साली तिने मेरठजवळ सरधना येथे कृपामातेचे भव्य मंदिर बांधून पूर्ण केले. १९६१ साली पोप तेविसावे योहान ह्यांनी त्याला लघु बॅसिलिकेचा दर्जा दिला. आज हजारो भाविक तेथे यात्रेला जातात. त्या मंदिराची संस्थापिका जिच्या शिपायांना पोसत होती, त्यांतले काही केळणेच्या काठी मातीत मिळाले, ही आठवण यात्रेकरूंच्या प्रार्थनेत असावी असे आम्हांस वाटते.

लढाईनंतर शंभर वर्षांच्या आतच ह्या प्रदेशावर त्याहून मोठी आपत्ती आली. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्याच्या लोकस्मृतीत अजूनही आहे. वर्कमन दांपत्याचा पूर्वेकडील प्रवास आणि हा दुष्काळ ह्यांचा काळ जवळजवळ एकच. शिल्पांची मापे घेणारे प्रवासी आणि गावे सोडून अन्नाच्या शोधात निघालेली माणसे एकाच देशाच्या रस्त्यांवर होती. त्या आधी, १८९२ साली, घोगरगाव येथे आपल्या कॅथलिक मिशनची सुरुवात झाली होती. दुष्काळात आणि त्यानंतर गावोगाव हिंडणाऱ्या धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी ज्या वाटा तुडवल्या त्यांतूनच मराठवाड्यातली आपली धर्मग्रामे उभी राहिली, आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली. जालना जिल्हा ह्याच धर्मप्रांतात मोडतो. प्रथम पायी किंवा घोड्यावर, मग सायकलवर, नंतर फटफटीवर अशी त्या सेवकांची वाटचाल. कॅरिअरला बांधलेली झोळी, तीत प्रार्थनापुस्तक आणि औषधाच्या बाटल्या. ह्या सायकलस्वारांचे प्रवासग्रंथ कोणी छापले नाहीत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या हेच त्यांचे प्रवासवर्णन.

संत लूकच्या शुभवर्तमानात अम्माउसच्या वाटेवर चाललेल्या दोन शिष्यांची कथा आहे. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव दिलेले नाही. ती त्याची पत्नी असावी, असे काही भाष्यकार सुचवतात. म्हणजे तेही कदाचित प्रवासाला निघालेले एक दुःखी दांपत्यच असेल. त्यांना वाटेत एक सोबती भेटला आणि त्यांनी त्याला ओळखले नाही. परंतु त्यांनी एक गोष्ट केली: दिवस कलल्यावर त्या अनोळखी वाटसरूला घरात बोलावले, भाकर पुढे ठेवली, आणि मग त्यांचे डोळे उघडले. प्रवासात डोळे उघडतात ते स्थळे पाहून नव्हे, तर वाटेतल्या माणसाला आत घेतल्याने, असा ह्या कथेचा बोध आहे. वर्कमन दांपत्याचे धैर्य वादातीत होते, चिकाटी अपार होती. उणीव होती ती एवढीच.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता २०२५ सालच्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला. त्यावर सायकलींना मज्जाव आहे, आणि वेगाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु त्या रस्त्यावरून भोगवर्धन दिसत नाही, केळणेचा उतार दिसत नाही. त्यासाठी जुनीच वाट धरावी लागते. हिवाळ्यात, शेते हिरवी असताना, आपल्या धर्मग्रामांतील तरुण दांपत्यांनी ती एकदा अवश्य धरावी. जालन्याहून पहाटे निघावे, भोकरदनला मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी असईला दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एक प्रार्थना म्हणावी आणि मग अजिंठ्याचा रस्ता धरावा. चढावर सायकल हातात धरून चालायची वेळ आली तर त्यात कमीपणा मानू नये. शेजारून जाणाऱ्या शेतकऱ्याशी, मजुराशी बोलण्याची तीच खरी संधी. पंक्चर काढून देणारा पोरगा, पाण्याचा तांब्या पुढे करणारी माउली, वाट दाखवणारा म्हातारा ह्यांची नावे विचारावीत आणि ती लिहून ठेवावीत. लेण्यांच्या आणि लढायांच्या तारखा पुस्तकांत मिळतील. ही नावे मात्र विचारणाऱ्यालाच मिळतात.